चार पुल रिक्वेस्टची सक्ती थांबवा: अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
प्राचार्य आणि संगणक व माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व अभियांत्रिकी महाविद्यालये

सप्रेम नमस्कार,

सप्टेंबर संपत आला की काही महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना फिरू लागते. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच असतो: ऑक्टोबर संपायच्या आत प्रत्येक विद्यार्थ्याने ओपन सोर्स (ज्यांचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा) प्रकल्पांना किमान चार पुल रिक्वेस्ट पाठवाव्यात, त्यांचे स्क्रीनशॉट क्लास टीचरकडे जमा करावेत, टर्मवर्कचे गुण त्यावर ठरतील. यंदा ही सूचना काढू नका, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. मुलांना ओपन सोर्सची गोडी लागावी हा तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण या सक्तीने नेमकं उलटं घडतंय, आणि ते आम्ही पलीकडच्या बाजूला बसून रोज पाहतो.

तुमच्यापैकी जे संगणक शाखेचे नाहीत त्यांच्यासाठी एक खुलासा करतो. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘तुमच्या प्रोग्राममध्ये मी हा बदल सुचवतोय, पाहून घ्या आणि पटला तर सामावून घ्या’ अशी विनंती. ती पाठवायला दोन मिनिटं पुरतात. वाचणाऱ्याला मात्र बदल उघडून पाहावा लागतो, चालवून बघावा लागतो, नाकारायचा असेल तर कारण लिहावं लागतं. हा वाचणारा म्हणजे मेंटेनर, आणि बहुतेक वेळा तो हे काम पगाराशिवाय, आपल्या मोकळ्या वेळात करत असतो.

मी आणि माझे काही मित्र असंच एक छोटं साधन सांभाळतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामायिक पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये आणतं. छापखाने, साप्ताहिकं, दिवाळी अंकांची कार्यालयं यांच्याकडे वर्षानुवर्षांचा मजकूर त्या जुन्या फाँटमध्ये अडकून पडलाय. तो सुटल्याशिवाय इंटरनेटवर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. नोकरी-संसार सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही या कामाला बसतो. गेल्या ऑक्टोबरात एकाच महाविद्यालयातून आमच्याकडे पुल रिक्वेस्टचा ढीग येऊन पडला. एकाने रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहिती देणाऱ्या, फाइलमध्ये पूर्णविराम घातला होता, दुसऱ्याने तोच काढला होता. कोणी स्वतःचं नाव आणि रोल नंबर जोडला होता. बऱ्याच जणांचं इंग्रजी शब्दशः सारखं होतं, कारण ते एकाच चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं होतं. एका मुलाला मी विचारलं, “हा प्रोग्राम काय करतो ते चालवून पाहिलंस का?” उत्तर आलं, “सर प्लीज मर्ज करा ना, उद्या सबमिशन आहे.”

त्या मुलावर मला राग आला नाही. त्याला जे सांगितलं होतं तेच तो इमानेइतबारे करत होता. पण त्या आठवड्यात आमचं खरं काम जागच्या जागी थांबलं. त्याहून वाईट म्हणजे शंभर टक्के अनोळखी अशा एका क्षेत्रात त्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं, ते कुणाच्या तरी दारात कचरा टाकून, आणि हे त्याला कोणी सांगितलंही नाही.

हे आमच्यासारख्या लहान प्रकल्पापुरतं नाही. ऑक्टोबरमधल्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पूर्ण करणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. २०२० साली टी-शर्टच्या ओढीने जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा एवढा मारा झाला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी आपणहून सहभाग जाहीर केलाय, तिथलेच बदल मोजले जातील. त्या माऱ्याला निमित्त झाला होता तो एका भारतीय यूट्यूबरचा व्हिडिओ. २०२४ च्या सुरुवातीला तीच गोष्ट एक्स्प्रेसच्या वाट्याला आली. एक्स्प्रेस हे नोड जेएसवर चालणारं, लाखो वेबसाइटच्या मुळाशी असलेलं साधन. एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची हे एक्स्प्रेसच्या रेपॉझिटरीवरच (कोडच्या भांडारावरच) करून दाखवलं होतं, आणि पाहणाऱ्या मुलांनी ते जसंच्या तसं गिरवलं. रीडमीमध्ये आपलं नाव जोडणाऱ्या शेकडो रिक्वेस्ट आल्या. त्या रेपॉझिटरीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला प्रत्येक रिक्वेस्टची सूचना गेली. आज परदेशातले काही मेंटेनर भारतीय नावाच्या नवख्या खात्याकडून बदल आला की आधी सावध होतात. याचा फटका कष्टाने शिकलेल्या, खरंच काही देऊ पाहणाऱ्या आपल्याच मुलांना बसतो. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

मेंटेनरच्या थकव्याची किंमत किती असू शकते याचं उदाहरण तुमच्या प्रत्येक वर्गात शिकवलं जावं असं मला वाटतं. एक्सझेड हे फाइल दाबून तिचा आकार कमी करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकावर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते कितीतरी वर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी लोकांनी मेलिंग लिस्टवर त्याच्यामागे तगादा लावला: बदल घ्यायला एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. आपलं मानसिक स्वास्थ्य बरं नाही, हे त्याने तिथेच लिहिलं होतं. त्याच सुमारास जिया टॅन या नावाने वावरणारा कोणीतरी मदतीला उभा राहिला, दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याने विश्वास कमावला आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंडला एक बारीकशी गोष्ट खटकली: एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळा प्रकार जाहीर केला. लिनक्सच्या मोठ्या डिस्ट्रोंच्या (वितरणांच्या) स्थिर आवृत्त्यांत तो दरवाजा पोचण्याआधीच काम थांबलं.

अर्धा सेकंद का लागला, हा प्रश्न ज्याला पडतो असा विद्यार्थी घडवायचा की चार स्क्रीनशॉट गोळा करणारा, हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

असे विद्यार्थी आपल्याकडे नाहीत असं नाही. त्याच ऑक्टोबरात, त्या ढिगाच्या मधोमध, एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने आमच्याकडे एक इश्यू, म्हणजे दोषाची तक्रार, नोंदवला. तिच्या वडिलांचं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या फाइली बदलताना तिला दिसलं की ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’ होतंय आणि ‘वर्षे’चं ‘वषेर्’. ही चूक तुम्हीही असंख्य वेळा पाहिली असेल; जुन्या बातम्यांच्या संग्रहात ती ओळीओळीला भेटते. या मुलीने नुसतं ‘चुकतंय’ म्हणून सोडलं नाही. तिने शब्दांची यादी दिली, प्रत्येकापुढे मूळ मजकूर, मिळालेला मजकूर आणि अपेक्षित मजकूर लिहिला, आणि शेवटी एक निरीक्षण नोंदवलं: ‘वर्ष’ बरोबर येतो, ‘वर्षे’ चुकतो. म्हणजे अक्षराला वेलांटी किंवा मात्रा असली तरच रफार घसरतो.

निरीक्षण अचूक होतं. जुन्या फाँटमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम असतो: रफाराचा र् आधी, मग व्यंजन, मग वेलांटी. म्हणून रूपांतर करताना रफाराला मागे उडी मारावी लागते. आमच्या प्रोग्राममध्ये मागे थेट व्यंजन असलं तरच तो उडी मारत होता. मध्ये वेलांटी किंवा मात्रा आली की जागच्या जागी बसत होता. आम्ही तिला म्हटलं, तूच दुरुस्त करून बघतेस का? तिने आधी चाचण्यांच्या फाइली वाचल्या. पहिला प्रयत्न जोडाक्षरांवर अडला. ‘मर्त्य’सारख्या शब्दात रफाराला एक नाही, दोन व्यंजनं ओलांडावी लागतात. आम्ही शेरे लिहिले, तिने प्रश्न विचारले, पुन्हा पाठवलं. शेवटी बदल झाला तो मोजक्या ओळींचा, पण त्यासोबत तिने लिहिलेल्या चाचण्या आज आमचा सगळ्यात भक्कम भाग आहेत. यात तिची दिवाळीची सुट्टी गेली. महाविद्यालयाच्या हिशेबात ही एकच पुल रिक्वेस्ट भरली, तीही मुदत उलटून गेल्यावर.

आता मला सांगा, गुण कोणाला मिळायला हवेत?

ओपन सोर्सची आवड असणाऱ्या माणसांचा दिवस कसा जातो हे बहुधा तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून थोडं सांगतो. यातला फार थोडा वेळ कोड लिहिण्यात जातो. कोणी शेजाऱ्याचा मोडकळीला आलेला लॅपटॉप घेऊन त्यावर डेबियन किंवा मिंट हे लिनक्स टाकून देतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून तर असे लॅपटॉप घेऊन येणारे वाढलेत. कोणी वायफायच्या ड्रायव्हरपायी अख्खा रविवार घालवतो आणि संध्याकाळी उत्तर सापडलं की ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याचा रविवार वाचेल. कोड लिहायला व्हिम हा एडिटर चांगला की इमॅक्स हा वाद चहाबरोबर होतो आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली मागून घेतात. पुण्या-मुंबईत फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेच्या बैठका होतात. तिथे नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक एका रांगेत बसतात, आणि कोणी कुठल्या कंपनीत आहे हे विचारायला संध्याकाळ उजाडते. सांगलीत वालचंद महाविद्यालयाच्या मुलांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, पुण्यात सीओईपीच्या मुलांचा मुक्त सॉफ्टवेअरचा गट आहे. मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात, धाकटी मोठी होऊन तेच करतात. ही परंपरा एखाद्या परिपत्रकाने सुरू होत नाही, पण एका परिपत्रकाने तिचा रस नक्की जातो.

तुमच्या लॅबमध्ये ज्याने ज्याने व्हिम उघडलाय त्याने पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचं आवाहन पाहिलं असेल. ते कशासाठी, हे किती जणांना सांगितलं जातं? ब्रॅम मूलेनार या डच माणसाने १९९१ पासून २०२३ साली मृत्यू येईपर्यंत व्हिम सांभाळला. व्हिम वापरायला त्याने कधी पैसे आकारले नाहीत. आवडलं तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी दान द्या, असं सांगितलं. तिथे तो स्वतः काम करून आला होता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला हे पाच मिनिटं सांगितलं, तर ओपन सोर्स म्हणजे काय यावर वेगळी कार्यशाळा घ्यायची गरज उरणार नाही.

लॅबचा विषय निघालाच आहे तर मन मोकळं करतो. अजूनही कित्येक ठिकाणी सी++ शिकवायला निळ्या पडद्याचा टर्बो सी हा जुना कंपायलर वापरला जातो, तोही डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात) बसवून. सी++ चं पहिलं प्रमाण १९९८ साली आलं. तो निळा पडदा त्याच्याही आधीचा. जीसीसी हा खुला कंपायलर १९८७ पासून आहे, मोफत आहे, आणि ज्या कंपन्यांत तुमची मुलं नोकरीला जातात त्यांतल्या अनेक ठिकाणीही तोच चालतो. इतर विषयांच्या लॅबमध्ये महागडी सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलेली असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. मुलांना आपण चोरी शिकवतो आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून योगदान मागतो. याला पर्याय तुमच्या दारात आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प महाविद्यालयांच्या लॅब सायलॅबसारख्या, गणिती आकडेमोड करणाऱ्या, खुल्या साधनांवर न्यायला मदत करतो, सर्किटच्या अभ्यासासाठी त्यांनी ईसिम तयार केलंय, पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं खुल्या साधनांवर उतरवणाऱ्या मुलांना मानधनही मिळतं. तिथलेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. ज्या मुलाने वर्षभर लिनक्स वापरलाच नाही, तो त्यात सुधारणा काय सुचवणार? आधी वापर, मग कुरकुर, मग दुरुस्ती. हाच क्रम आहे, आणि आम्ही सगळे याच वाटेने आलो.

मराठी मुलांनी करावं असं काम ढिगाने पडलंय, आणि ते नॉर्वेतला किंवा ब्राझीलमधला प्रोग्रामर करू शकणार नाही. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो. दिसतो तसाच, पण एका प्रकारे लिहिलेला दुसऱ्या प्रकारे शोधायला गेलं तर अनेक प्रोग्रामना सापडत नाही. हे कुठे कुठे घडतं ते शोधून नोंदवायला सुद्धा माणूस हवाय. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स शुद्धलेखन तपासायला हनस्पेल वापरतात. हनस्पेल मुळात हंगेरियनसाठी घडला, कारण त्या भाषेतही शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात. त्यात शब्दांची एक फाइल असते आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी, दोन्ही साध्या मजकुराच्या. घोडा, घोड्याला, घोड्यावरून, घोड्यावरूनसुद्धा, हे सगळं नियमांत बसवायला सी++ नाही, व्याकरण यावं लागतं. तुमच्या संस्थेचं कला महाविद्यालय त्याच आवारात असेल तर तिथल्या मराठी विभागाच्या मुलांना तुमच्या मुलांशेजारी बसवा. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आहे. तिथे वाक्यं वाचून आवाज द्यायचे आणि इतरांचे तपासायचे, आणि तो सगळा संग्रह कोणालाही वापरायला मोकळा असतो. गोंदियाची, सिंधुदुर्गाची, लातूरची मुलं तुमच्याकडे शिकतात. त्यांचे आवाज त्या संग्रहात गेले तर उद्याचं बोलतं यंत्र फक्त पुणेरी उच्चार ओळखणार नाही.

तुमची अडचण मला समजते. नॅक, एनबीए या मूल्यांकन संस्थांना मोजता येणारं काहीतरी दाखवावं लागतं, आणि पुल रिक्वेस्टची संख्या मोजायला सोपी. मग दुसरं काही मोजा. एका सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः वापरत असलेल्या एकाच प्रोग्राममधला एक दोष नोंदवावा: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, पुन्हा घडवून कसं दाखवता येईल. नोंदवण्याआधी तो आधीच कोणी नोंदवलाय का हे शोधावं. त्यावर दोन पानं लिहावीत, आणि ती वाचून शिक्षकांनी गुण द्यावेत. दोष सापडलाच नाही, तर एखाद्या प्रोग्रामची कागदपत्रं वाचून कुठे अडखळलो ते लिहावं. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं कर्ल हे साधन डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळतोय, आणि चॅटबॉटने रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांनी आपला किती वेळ जातो हे त्याने वारंवार जाहीरपणे लिहिलंय. खरा, स्वतः पाहिलेला, नीट लिहिलेला एक अहवाल आज मेंटेनरला किती मोलाचा वाटतो हे त्यावरून लक्षात यावं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचंही असंच. ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, बांधून कपाटात जातं, कोड कुठल्यातरी पेनड्राइव्हवर संपतो. तो खुला करा, आणि सोबत जीपीएल किंवा एमआयटीसारखा, वापराची मुभा देणारा परवाना जोडायला लावा. परवान्याशिवाय नुसता इंटरनेटवर टाकलेला कोड कायद्याने दुसऱ्याला वापरता येत नाही, हे बऱ्याच शिक्षकांनाही ठाऊक नसतं. पुढच्या तुकडीने त्याच प्रकल्पावर काम पुढे न्यायचं असं ठरलं तर तीन-चार वर्षांत एखादं खरोखर उपयोगी साधन उभं राहील. ईआरपीनेक्स्टसारखी, कंपन्यांचा हिशेब आणि कारभार सांभाळणारी, जगभर वापरली जाणारी खुली प्रणाली मुंबईत घडली आहे. आपल्याकडे होत नाही असं म्हणायला जागा नाही.

आमच्यापैकी कोणीही एखाद्या शनिवारी तुमच्याकडे यायला तयार आहे. मानधन नको, शाल-श्रीफळ नको, सभागृह आणि बॅनरही नको. एक लॅब सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी हवी. महाविद्यालयाच्या फायरवॉलने गिट (कोडची देवाणघेवाण करायचं साधन) आणि एसएसएच अडवलेलं नसावं. आणि लॅब असिस्टंटना मशीनवर नवी सिस्टिम टाकण्याची परवानगी लेखी दिलेली असावी, कारण ती नसली की दोष आपल्यावर येईल या भीतीने ते बिचारे कोणाला कीबोर्डला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं त्यात काही चुकत नाही. ऑक्टोबरची सूचना निघते त्याच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हे जमवता आलं तर उत्तम.

आपला विश्वासू,
मुक्त सॉफ्टवेअर वापरणारा आणि सांभाळणारा एक प्रोग्रामर, पुणे